काकांच्या दोन कॅसेटी

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी काका अंगणातल्या नळाला हात लावत. साबणाने हात धुवायचे, पंच्याने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे आणि मग नळाच्या लोखंडी पाइपवर तळवा टेकवून क्षणभर उभं राहायचं. डोळे मिटलेले नसत, पण लांबून पाहणाऱ्याला तसंच वाटे. समोरच्या शेवंताबाई शिलाई मशीनवरून ओरडत, "काका, देव सोडले अन् आता नळाच्या पाया पडून राहिले का?"

"पाया नाही पडून राहिलो वं. आंगातली वीज उतरवून राहिलो. ती मशीनमंदी गेली का मशीन मेली."

"तुमच्या आंगात वीज! मंग आमच्या घरचा गोळा तं पेटवा, सकाळपासून लाइट नाही."

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. नागपुरात इंदोऱ्याकडच्या एका गल्लीत मी काकांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. वय तेवीस, सदर भागातल्या एका कचेरीत आवक-जावक पाहायची नोकरी, गाव मौद्याकडे, घरी शेती. खोली पाहायला वडील आले होते. काका कोण, ही गल्ली कुणाची, हे कळल्यावर ते पायरीवरच थांबले. काकांनी आतून पाण्याचा तांब्या आणला. वडिलांनी घेतला नाही, तहान नाही म्हणाले. मे महिना होता. काका तांब्या परत नेता नेता म्हणाले, "बराबर आहे, उन्हानं पाणीबी गरमच झालं असन." मी भाडं किती ते विचारलं. मला खोली हवी होती.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काटे वाचले, दर तासाला वहीत आकडे लिहिले आणि खाली सही केली. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन कोराडीच्या कॉलनीत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते ऐन तिशीत होते. त्या दिवसाबद्दल विचारलं तर एवढंच सांगत, "गर्दी लय होती, पण लाइन शिस्तीत होती." शिस्तीची गोष्ट त्यांना नेमकी आठवे.

कॉम्प्युटर त्यांच्या पुतण्याने परदेशातून आणून दिला होता. पाटीएवढा, काळा, टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःची आठवण नव्हती. लाइट गेली की सगळं पुसलं जाई. म्हणून जे ठेवायचं ते कॅसेटवर ठेवायचं, गाण्याच्या असतात तसल्याच कॅसेटवर, साध्या टेपरेकॉर्डरने. दुसऱ्या दिवशी ती कॅसेट वाजवायची. तिच्यातून कर्कश चिरकणं बाहेर पडे, गल्लीतली कुत्री भुंकत आणि पाच-सहा मिनिटांनी टीव्हीवर अक्षरं उमटत. त्या मिनिटांत कुणी बोलायचं नाही, असा काकांचा नियम होता. टेपला बोलण्याने काही होत नसे. पण काका म्हणत, "कोणी काम करून राहिलं का आपण चूप राहावं."

गल्लीत टीव्ही तीन घरी, कॉम्प्युटर एकाच. रविवारी संध्याकाळी पिक्चर पाहायला काकांकडे वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर बसत. काका टीव्हीपुढे उभे राहत आणि आधी एक सूचना देत. ती ऐकल्याशिवाय टीव्ही लागत नसे.

"आजची सूचना. लाइट गेली अन् परत आली, तं मशीन लगेच सुरू नाही कराची. शंभरपर्यंत मोजाचं. पह्यल्या झटक्याची वीज भुकेली राह्यते. मी खापरखेड्याहून सोडत होतो, मले माहीत आहे."

"काका, आमच्या घरी मिक्सर नाही," शेवंताबाई म्हणत, "अन् तुम्ही कॉम्प्युटर कसा लावाचा ते सांगून राहिले."

"येईल वं. घरोघरी येईल. तवा सांगाले मी नसीन."

"तवा आमी बी नसू. लावा पिक्चर!"

त्या सूचना मी वहीत उतरवून घेत असे. मला याद्यांची आवड तेव्हापासूनच. वायर ओढून प्लग काढायचा नाही, प्लग धरून काढायचा. कूलरच्या झोतात मशीन ठेवायची नाही, गार वाटलं तरी ती ओल असते. संत्रं सोललेला हात बटणांना लावायचा नाही. झाकून ठेवायचं. झाकण म्हणून शेवंताबाईंनी फुलाफुलांच्या कापडाची, झालर लावलेली खोळ शिवून दिली होती आणि तिच्यात तो कॉम्प्युटर बारशाला निघालेल्या मुलीसारखा दिसे. चुंबकाजवळ कॅसेट ठेवायची नाही. "कॅसेट म्हणजे फीत, फितीवर लोखंडाची भुकटी, अन् भुकटी चुंबकाचं ऐकते, आपलं नाही."

सगळ्यांत मोठा नियम दोन कॅसेटींचा. जे ठेवायचं ते दोन कॅसेटींवर ठेवायचं आणि त्या दोन घरांत ठेवायच्या. एक काकांच्या फळीवर, दुसरी शेवंताबाईंच्या बटणांच्या डब्यात. "एका घरात दोन कॅसेटी म्हणजे एकच कॅसेट," असं ते म्हणत. ठेवल्यावर ती परत वाजवून पाहायची. "ठेवलं म्हणजे राहिलं नाही. पायलं म्हणजे राहिलं."

एवढी काळजी का, ते मला उशिरा कळलं. रोज सकाळी दाढी करताना काका मोठ्याने काहीतरी म्हणत. माडीवर मला त्यानेच जाग येई. आधी मला वाटलं बुद्धवंदना म्हणत असतील. नीट ऐकलं तर ते बॉयलर पेटवण्याचा क्रम होता. कुठला पंखा आधी, कुठला व्हॉल्व्ह नंतर, कुठल्या काट्याकडे पाहायचं, चाळीसेक पायऱ्या, एकही न चुकता. एकदा मी हसले तेव्हा ते म्हणाले, "हस. पण ज्या दिवशी एक पायरी सुटन ना, त्या दिवशी मले सांगशील."

"काहून?"

"माह्या मोठ्या भावानं साठीतच घर ओळखणं सोडलं. बसच्या कंडक्टरनं हात धरून आणून दिला. दारात उभा राहून म्हणे, हे कोणाचं घर आहे गा? मलेच विचारे." त्यांनी वस्तरा वाटीत बुडवला. "तसा मी होऊन राहिलो तं मले आधी समजलं पायजे. मागून नाही."

मी हो म्हटलं. तीही एक सूचनाच होती, पण ती मी वहीत लिहिली नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसं येतात. त्याच्या दोन दिवस आधीपासून गल्लीतल्या प्रत्येक घरी पाहुणे. वाशीम, बुलढाणा, पार मराठवाड्यातून. कुणी नातलग, कुणी फक्त दरवर्षी येणारे. कुणाची सोय कुणाकडे, हे मंडळाचे अध्यक्ष एका जाड रजिस्टरमध्ये लिहीत आणि दरवर्षी भांडणं होत. एका घरी तीस माणसं, दुसरीकडे टाकलेल्या गाद्या रिकाम्या. त्या वर्षी काका म्हणाले, यादी मी करतो, यंत्रावर.

"यंत्र पोळ्याबी लाटन का काका?" अध्यक्षांनी विचारलं.

"पोळ्या तुमी लाटा. कोणासाठी किती, ते यंत्र सांगन."

महिनाभर गावोगावची पोस्टकार्डं काकांकडे येत राहिली. काका एकेक नाव इंग्रजी अक्षरांत टीव्हीवर चढवत. नुसती नावं नाहीत. कुणाला जिना चढवत नाही, कुणाला साखरेचा आजार, कुणाजवळ तान्हं मूल, कुणाचं मागच्या वर्षी कुणाशी वाजलं. पोस्टकार्ड चढवून झालं, वाजवून पाहिलं, की ते कार्ड फाडत. मी म्हटलं, "राहू द्या ना काका, कागद असलेला बरा."

"यादीत रोज बदल होते. कागद तसाच राह्यते. मंग दोघं वेगळं सांगते अन् माणसं कागदाचं ऐकते. नाही. दोन कॅसेटी आहेत ना."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता सगळ्या गल्लीला यादी वाचून दाखवायची, असं ठरलं. मला सुट्टी होती. सकाळी तीन नवी पोस्टकार्डं आली म्हणून काकांनी शेवंताबाईंच्या डब्यातली कॅसेटही घरी आणली. दोन्हींवर नवी यादी ठेवली, दोन्ही वाजवून पाहिल्या, मशीन बंद केली, कार्डं फाडली. कॅसेटी टेबलावर होत्या. "एक शेवंताकडे न्याची आहे, आल्यावर नेतो," म्हणाले आणि सायकल काढून वायर आणायला गेले. मंडळाचा एक स्पीकर त्यांनी दुरुस्तीला घेतला होता. त्याची पेटी भिंतीशी आणि आतला स्पीकर उघडा, बाजूच्या स्टुलावर पालथा पडलेला.

चार वाजता माणसं येणार आणि खोली अशी. मला राहवलं नाही. मी झाडलं, सतरंजी टाकली, टेबल ओल्या फडक्याने पुसलं. पुसताना त्यावरच्या दोन कॅसेटी उचलून बाजूला ठेवायला जागा पाहिली. पालथ्या स्पीकरची पाठ वर होती. गोल, सपाट, जड, छोट्या पाटासारखी. मी दोन्ही कॅसेटी त्यावर एकावर एक, कडेला कड जुळवून ठेवल्या. चुंबक म्हटलं की मला शाळेतला लाल नाल आठवे. स्पीकरच्या पाठीला चुंबक असतो हे मला माहीत नव्हतं. यात माझी चूक नाही, असं मी आजही म्हणू शकते. पुढच्याबद्दल म्हणू शकत नाही.

काकांना यायला उशीर झाला. ते आले तेव्हा माणसं बसली होती. अध्यक्ष खुर्चीवर, शेवंताबाई पुढे, मी दाराशी. काका घाम पुसत टेबलाकडे गेले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना स्टुलावरच्या कॅसेटी दिसल्या. त्यांनी वरची उचलली. तिच्या मागोमाग खालचीही, तिच्या बारीक स्क्रूंना चिकटून, किंचित ओढली गेली आणि टक् करून पुन्हा बसली.

"ह्या इथं कोणं ठेवल्या?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. कुणाला काही कळलंच नव्हतं.

"हे चुंबक आहे," ते हळू म्हणाले. कॅसेट हातात धरून उभे राहिले. मग कपाळाला आठ्या घालून आठवू लागले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. ते सकाळ शोधत होते, पायरी पायरीने, आणि एक पायरी त्यांना सापडत नव्हती. कशी सापडेल, ती त्यांची नव्हतीच.

"मी टेबलावर ठेवल्या होत्या… का इथं ठेवल्या…" ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू घरी होती ना. मीच ठेवल्या ना इथं?"

गल्ली माझ्याकडे पाहत होती. त्या गल्लीत माझं एकच नाव होतं, नीटनेटकी. बाया आपल्या मुलींना सांगत, पाहा, माडीवरच्या बाईची खोली पाहा. मला खोली जाण्याची भीती वाटली असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. काकांनी मला काढलं नसतं. मला फक्त त्या वीस माणसांपुढे गबाळी ठरायचं नव्हतं.

"हो काका," मी म्हटलं. "तुम्हीच ठेवल्या. जाताना."

त्यांनी मान हलवली. मग हात धुतले, नळाला लावले, परत आले आणि पहिली कॅसेट टेपमध्ये घातली. सगळे चूप बसले, त्यांच्याच नियमाप्रमाणे. चिरकणं सुरू झालं, मध्येच बुडालं, खरखर झाली. टीव्ही तसाच राहिला. त्यांनी दुसरी घातली. मग पुन्हा पहिली. अशी पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवंताबाईंनीही टोमणा मारला नाही, आणि तेच मला सहन होईना.

"माह्या हातून चूक झाली," काका उभे राहून म्हणाले. "मले याद नाही, पण झाली."

अध्यक्ष घरी गेले आणि मागच्या वर्षीचं रजिस्टर घेऊन आले. "असू द्या काका, होऊन जाते," म्हणाले. यंत्रावर एक शब्द नाही.

पाहुणे आले. जेवले, झोपले, दीक्षाभूमीवर जाऊन आले. थोडी पळापळ झाली. एक म्हातारी तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिला धरून खाली आणावं लागलं. पण यादीवाचून कुणाचं अडलं नाही. काका तीन दिवस ओसरीवर बसून होते. कुणी विचारायला आलं की म्हणत, "मले नका विचारू, अध्यक्षाले विचारा."

त्यानंतर सकाळी मला जाग यायला घड्याळ लावावं लागू लागलं. बॉयलर बंद झाला होता. मी एकदा म्हटलं, "काका, आजकाल म्हणत नाही?" ते म्हणाले, "आता कायले? समजलं ना." कॉम्प्युटर खोळ घालून फळीवर गेला. सायकल त्यांनी शेवंताबाईंच्या घरी देऊन टाकली, "रस्त्यात मले काही सुचलं नाही तं," म्हणाले. रविवारी पिक्चर लागे, पण सूचना नसे.

आणि ते मला विचारू लागले. मी कचेरीतून आले की काका जिन्याखाली उभे असत.

"पोरी, मी दाराले कडी लावली होती ना सकाळी?"

"लावली होती काका."

"अन् शेगडी इझवली होती?"

"विझवली होती."

एकदाही ते चुकलेले नसत. प्रत्येक वेळी मी खरं सांगत होते आणि प्रत्येक वेळी ते हायसं वाटून आत जात. मनात मी रोज तारीख ठरवत असे. पगार झाला की सांगू. दिवाळी झाली की सांगू. कचेरीत माझं एकही पत्र दुसऱ्या दिवसावर जात नसे. फेब्रुवारीत त्यांची मुलगी आली, चार दिवस राहिली आणि त्यांना कोराडीला घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी मला विचारलं, "सगळं बंद केलं ना?" मी फिरून पाहिलं आणि सांगितलं, केलं.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा मी कोराडीची बस धरली. कॉलनीतल्या क्वार्टरवर तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर होता. मुलीने दार उघडलं, मला ओळखलं, आत नेता नेता हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरले दाखवलं ना ताई. दोनदा. ते म्हणते काहीच नाही, आमच्यापेक्षा बरी याद आहे. पण बाबाच म्हणते, माह्यावर इस्वास नका ठेवू. गॅसजवळ जात नाही, एकटे बाहेर निंघत नाही. आता आम्हीबी म्हणणं सोडलं."

काका खिडकीशी बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी मला नावाने हाक मारली, माझ्या कचेरीतल्या साहेबाचं नाव घेऊन तो कसा आहे विचारलं, मौद्याकडे पाऊस कसा झाला विचारलं. चहा आला. मी कप खाली ठेवला आणि घरून ठरवून आलेलं वाक्य बोलले.

"काका, त्या कॅसेटी स्पीकरवर मी ठेवल्या होत्या. टेबल पुसताना. तुम्ही नाही. अन् विचारलं तेव्हा मी खोटं बोलली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. फार मायेने.

"लय चांगली पोरगी आहेस तू. म्हाताऱ्याचं मन राखाले एवढ्या दूर आली."

"नाही काका, खरं सांगते. तुम्ही वायर आणाले गेले होते…"

"अवं, माह्या डोळ्यापुढं आहे ना ते!" त्यांनी हाताने दाखवलं. "पिशवी या हातात होती, सायकलची चावी तोंडात. टेबलावरून दोन्ही उचलल्या अन् त्या चुंबकावर ठेवल्या. खाली निळ्या लेबलाची, वर पांढऱ्या लेबलाची. एवढं साफ दिसते मले. तू तं दारातच उभी होती."

त्या दिवशी मी टेबलावरून कॅसेटी उचलल्या तेव्हा वर कुठली होती ते मला आठवत नाही. त्यांना आठवत होतं. मी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या शब्दांत सांगितलं, मुलीकडे वळून सांगितलं. मुलगी म्हणाली, "बरं केलं ताई, बोलल्या ते. त्यांच्या जिवाले बरं वाटते." काका मान हलवत माझी समजूत घालत राहिले.

निघायला उठले तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं. आवाज खाली आणून, मुलीला ऐकू जाऊ नये असा, त्यांनी विचारलं, "पोरी, मी चा घेतला ना आत्ता?"

कप त्यांच्यासमोर होता. तळाशी चहाची पूड ओली होती.

"घेतला काका."

त्यांनी लगेच मान हलवली आणि कप बाजूला सरकवला.